उन्हाळ्याआधी जुन्या गाडीचं बॉनेट उघडा!

होळी झाली की आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या गृहिणींची यादी तयारच असते. कूलरचा वाळा बदलायचा, नवा माठ आणायचा, गव्हाला ऊन दाखवायचं, कुरडया-पापड करायचे. या यादीत यंदा आणखी एक काम घाला. अंगणात कडुनिंबाखाली उभी असलेली ती जुनी ॲम्बॅसिडर किंवा फियाट आहे ना, तिचं बॉनेट उघडा. हो, तुम्हीच!

"अगं बाई, ते काय आपलं काम?" असं म्हणाल. पण जरा आठवून पाहा, भर दुपारी ही गाडी बाहेर निघते कधी? सासूबाईंना सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात न्यायचं असतं तेव्हा. मुलीचा पेपर नागपूरला असतो तेव्हा. आर्वीहून, हिंगणघाटहून लग्नाला जायचं असतं तेव्हा. घरचे नोकरीवर गेलेले असतात आणि चाक हाती असतं तुमच्या, नाहीतर दिरांच्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा उन्हात सेलू सोडल्यावर गाडीने वाफ सोडली, तर मागे बसलेल्या आजारी माणसाचे हाल होतात. आणि तेव्हा घाईघाईने कुणी रेडिएटरचं झाकण उघडलं, तर तोंड नि हात भाजतात. दर आठवड्याला दहा मिनिटं दिली, तर यातलं बहुतेक सगळं टळतं. आज तेवढंच सांगायचं आहे.

माहेरी निघालेली पहिली गाडी

मोटारीचं काम बायकांचं नव्हे असं कुणी म्हटलं, तर त्यांना बर्था बेंझ यांची गोष्ट सांगा. मोटारगाडीचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात त्या कार्ल बेंझ यांची ही पत्नी. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन ती गाडीत बसली आणि जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे आपल्या आईकडे गेली! अंतर सुमारे शंभर किलोमीटर. आपल्या वर्धा-नागपूरपेक्षाही जास्त. मोटारीने एवढा लांबचा प्रवास तोवर कुणीच केलेला नव्हता.

वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीच्या तारेचं आवरण गेलं, तिथे मोजे बांधायचा पट्टा गुंडाळला. ब्रेकचं लाकूड झिजलं, तर चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. इंधन संपलं, ते औषधाच्या दुकानातून घेतलं. आणि इंजिन तापू नये म्हणून ठिकठिकाणी थांबून पाणी भरलं. मैत्रिणींनो, यातली एकही गोष्ट आपल्याला न जमणारी आहे का?

आपली गाडी कुठली?

ॲम्बॅसिडर ही इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीची भारतीय लेक. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सने ती १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून मे २०१४ पर्यंत बनवली. फियाट मात्र आपल्या मुंबईची. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार व्हायची. १९६४ मध्ये 'डिलाइट' आली आणि १९७४ मध्ये तीच 'प्रीमियर पद्मिनी' झाली. २००० सालाच्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं, तर मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली.

जुन्या ॲम्बॅसिडरचं पेट्रोल इंजिन १४८९ सी.सी.चं, पद्मिनीचं १०८९ सी.सी.चं. दोन्ही चार सिलिंडरची, कार्ब्युरेटरची. आत कॉम्प्युटर नाही. बिघाड डोळ्यांनी दिसतो, कानांनी ऐकू येतो, नाकाला कळतो. स्वयंपाकघरात आपण हेच तर करतो! (तुमची ॲम्बॅसिडर डिझेलची किंवा नंतरच्या इसुझू इंजिनाची असली, तरी पाणी, तेल, पट्टा आणि बॅटरीची निगा हीच. प्लग, पॉइंट नि कार्ब्युरेटरचा मजकूर मात्र जुन्या पेट्रोल गाड्यांसाठीच समजा.)

रविवारची दहा मिनिटं

वेळ सकाळची, चहा झाल्यावर. गाडी सपाट जागी, इंजिन गार, किल्ली काढून खिळ्याला अडकवलेली. पदर किंवा ओढणी घट्ट खोचा, केस बांधा, मंगळसूत्र आत सारा. सोन्याच्या पाटल्या आणि धातूची कडी काढून ठेवा. बॅटरीच्या टोकांवर धातू टेकला तर मोठी ठिणगी उडते, हात भाजतो. काचेच्या बांगड्या राहिल्या तरी चालतील.

१. पाणी. रेडिएटरचं झाकण गार इंजिनावरच उघडा. पाणी वरच्या टाकीत, आतली जाळी बुडेल इतकं हवं. भरताना आपल्या बोअरचं पाणी घालू नका. ज्या पाण्याने पातेल्याला आतून पांढरा थर बसतो, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि नळ्या तुंबतात. कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून घालणं उत्तम. त्याने गंजही धरत नाही. कूलंट जिभेला गोड लागतं, पण विषारी असतं. डबा लेकरांच्या नि कुत्र्या-मांजरांच्या हाती लागेल असा ठेवू नका, सांडलेलं लगेच पुसा.

२. तेल. इंजिनातली ऑइलची पट्टी काढा, स्वच्छ चिंधीने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि काढून बघा. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ तेल हवं. कमी असेल तर थोडं थोडं घाला. वरच्या खुणेपलीकडे भरणं हेही वाईटच. जुन्या पेट्रोल इंजिनांना आपल्याकडे सर्रास २०डब्ल्यू-४० हे तेल चालतं, तरी गाडीचं पुस्तक हाताशी असेल तर त्यातलंच खरं माना. आता तेल भरायचं झाकण उलटं करून बघा. आतून घुसळलेल्या लोण्यासारखा पिवळट-पांढरा लगदा दिसला, तर तेलात पाणी जात असण्याची शक्यता आहे. गाडी नुसती जवळपास फिरत असेल, तर हिवाळ्यात थोडासा लगदा दिसतोच. पण तो पट्टीवरही आला आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर गाडी चालवू नका, मिस्त्रीला बोलवा. हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं.

३. पट्टा. फॅन बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबा. साधारण अर्धा इंच दबला तर ठीक. जास्त लोंबला तर फॅन आणि पाण्याचा पंप मंद फिरतात, इंजिन तापतं आणि बॅटरीही भरत नाही. पट्टा उलटवून आतली बाजू बघा. भेगा असतील किंवा काठाचे दोरे सुटलेले असतील, तर उन्हाळ्याआधी नवा घाला आणि जुना डिकीत ठेवा, अडीनडीला उपयोगी पडतो.

४. बॅटरी. झाकणं उघडून पाणी बघा, पत्रे बुडालेले हवेत. यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी साठली असेल, तर गरम पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडं करून वरून थोडं व्हॅसलीन लावा. त्या वेळी जवळ उदबत्ती, विडी, काडी काही नको. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो.

५. नळ्या. रेडिएटरच्या वरची नि खालची रबरी नळी दाबून बघा. दगडासारखी कडक झालेली किंवा भिजल्या पोळीसारखी लिबलिबीत झालेली, दोन्ही बदलायच्या. क्लिपा घट्ट आहेत का तेही बघा.

६. जमीन. शनिवारी रात्री इंजिनाखाली जुनं वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी काळा डाग म्हणजे इंजिनाचं तेल, नुसता ओला किंवा हिरवट डाग म्हणजे पाणी किंवा कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट ओल दिसली, तर ते ब्रेकचं तेल असू शकतं. मग गाडी जागची हलवू नका.

झालं! भाजी निवडायला याहून जास्त वेळ लागतो.

गाडी तापली तर

कुकर आणि रेडिएटर या सख्ख्या बहिणी. झाकण घट्ट असलं की आत दाब वाढतो आणि पाणी शंभर अंशांना न उकळता त्याहून जास्त तापतं. कुकर बंद केल्याबरोबर झाकण ओढलं तर काय होईल, ते तुम्हाला सांगायला नको. रेडिएटरचंही तेच.

म्हणून काटा तांबड्याकडे जायला लागला की आधी गाडी कडेला, जमलं तर सावलीत घ्या. इंजिन बंद करा. बॉनेट उघडा, पण झाकणाला हात लावू नका. मुलांना नि म्हाताऱ्या माणसांना गाडीपासून दूर, झाडाखाली बसवा. निदान अर्धा तास थांबा. मग जाड टॉवेल चार पदरी करून झाकणावर ठेवा, तोंड बाजूला करा आणि झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा. फुस्स् आवाज पूर्ण थांबला की मगच उघडा. पाणी घालताना इंजिन चालू करून, हळूहळू, बारीक धारेने घाला. तापल्या काचेच्या ग्लासात एकदम गार पाणी ओतलं तर ग्लास तडकतो ना? तापलेलं इंजिनही तसंच तडकतं.

आता तापलं का, ते शोधायचं. सगळ्यात स्वस्त कारण झाकणातलंच रबर. कुकरची रिंग सैल झाली की शिटी होत नाही, तसं हे रबर गेलं की दाब टिकत नाही. दुसरं कारण रेडिएटरची जाळी. आपल्याकडे कापसाच्या दिवसांत तंतू नि धूळ उडते, ती या जाळीत जाऊन बसते. बागेच्या नळीने इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या बाजूला हलकं पाणी मारा, पाती वाकू देऊ नका. तार आणि डिस्ट्रिब्युटर आधी प्लॅस्टिकने झाका.

तिसरं कारण थर्मोस्टॅट. पाणी तापलं की उघडणारी ही छोटी झडप कधी कधी बंदच राहते. "काढून फेकू, वहिनी, आपल्या उन्हात काय काम त्याचं?" असं सुचवणारे पुष्कळ भेटतील. पण तो काढला की थंडीत इंजिन लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि तेलात चिकटा साठतो. मिस्त्रीने काढला की तो जुन्या पातेल्यात पाण्यात टाकून गॅसवर ठेवा. पाणी उकळायच्या बरंच आधी झडप उघडायला हवी. उघडली तर तो चांगला आहे, परत बसवा. नाही उघडली तर नवा आणा. पातेलं मात्र पुन्हा स्वयंपाकाला नको.

दुपारी पडलेला डाव, संध्याकाळी सुरू!

काटा तांबड्यावर नाही, पाणी भरपूर, तरी नवतपाच्या दुपारी गाडी आचके देते आणि बंद पडते. स्टार्टर फिरतो, इंजिन धरत नाही. संध्याकाळी मात्र एका झटक्यात सुरू! हे भुताटकीचं काम नव्हे. पेट्रोल लवकर उडणारं. जुन्या गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटलेला असतो. उन्हाने नि इंजिनाच्या आचेने पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते. पंपाला पातळ पेट्रोल ओढता येतं, वाफ ओढता येत नाही. म्हणून कार्ब्युरेटर उपाशी राहतो. आपले जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं गुंडाळत, ते याचसाठी.

आधी नाक चालवा. पेट्रोलचा उग्र वास असेल किंवा कुठे थेंब दिसला, तर ही वाफेची गोष्ट नसून गळती आहे. पुन्हा स्टार्टर मारू नका, मुलांना खाली उतरवा. गळती नसेल, तर बॉनेट उघडून वीस मिनिटं सावलीत थांबा. मग सुती फडकं ओलं करून, घट्ट पिळून पंपावर आणि नळीवर ठेवा. फडक्याचं टोक पंख्यात अडकणार नाही आणि डिस्ट्रिब्युटरवर पाणी ठिबकणार नाही, हे बघा. पंप गार झाला की गाडी धरते. कायमचा उपाय म्हणून, पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या तापणाऱ्या भागाला खेटून गेली आहे का ते मिस्त्रीकडून बघून घ्या. आणि उन्हाळ्यात लांबचा प्रवास पहाटे पाचला सुरू करा. सगळ्यात सोपी युक्ती तीच.

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, तो आपल्याच जिल्ह्यातून जातो. पण गुळगुळीत रस्ता दिसला म्हणून साठीच्या ॲम्बॅसिडरला तरण्या गाड्यांच्या मागे पळवू नका. सतत जोरात पळालं की जुनं इंजिन तापणारच. तिला आपला जुना सेलू-बुटीबोरीचा रस्ता, मध्यम वेग आणि मधे एक चहा, हेच मानवतं.

पेट्रोल बदललं, नळ्या बदला

ही गोष्ट फार जणींना ठाऊक नाही, म्हणून नीट वाचा. या गाड्या बनल्या तेव्हाचं पेट्रोल आणि आजचं पेट्रोल एक नव्हे. २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. आपल्या श्वासासाठी ते फार चांगलं झालं. पण शिशामुळे जुन्या इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या बैठकांचं जे रक्षण व्हायचं, ते थांबलं. म्हणून पुढे कधी हेड उघडावं लागलं, तर कडक धातूच्या बैठका बसवायला मिस्त्रीला सांगा. त्यासाठी मुद्दाम हेड उघडायची गरज नाही.

दुसरा बदल इथेनॉलचा. २०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं, आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडे पोचलं. इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही. नळ्या फुगतात, चिरतात. पंपातला नि कार्ब्युरेटरमधला रबरी पडदा खराब होतो. तापलेल्या इंजिनावर पेट्रोलचा एक थेंब पडला, तर आग लागायला वेळ लागत नाही. म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या घालून घ्या. पंपाचा पडदाही बदलून घ्या. यंदा एकच खर्च करायचा असेल, तर रंगकाम नि सीट कव्हर राहू द्या, हा करा. गाडीत लहान अग्निशामकही ठेवा.

इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत जुनं पेट्रोल ठेवलं की टाकी आतून गंजते. पावसाळ्यात गाडी उभीच राहणार असेल, तर तेच पेट्रोल आठ-दहा महिने पडू देऊ नका. फिरवून संपवा आणि ताजं भरा.

धूर काय सांगतो?

सकाळी गाडी सुरू करताना मागे एक नजर टाका.

थंडीत थोडी पांढरी वाफ येऊन थांबली, तर काळजी नाही. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर पाणी जळतं आहे. रेडिएटर बघा.

निळसर धूर म्हणजे इंजिन तेल पितं आहे. पट्टी रोज बघा, आणि महिन्याला किती तेल घालावं लागतं ते लिहून ठेवा.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. चोक ओढलेलाच राहिला का, आणि एअर फिल्टर धुळीने भरला का, हे आधी बघा. काही जुन्या गाड्यांत फिल्टरच्या तळाशी तेलाची वाटी असते. आपल्या काळ्या मातीची धूळ तिच्यात गाळ होऊन बसते. वाटी साफ करून, खुणेपर्यंत नवं तेल घालायला मिस्त्रीला सांगा. गाडी पंधरा वर्षांची झाल्यावर दर पाच वर्षांनी आर.टी.ओ.कडे तपासून नोंदणी वाढवून घ्यावी लागते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. काळा धूर तिथेही नडतो.

प्लग आणि पॉइंट

हे काम वर्षातून दोनदा, होळीनंतर आणि दसऱ्याआधी. दसऱ्याला आपण गाडीला हार घालतो, हळदकुंकू वाहतो, पण बॉनेटकडे बघत नाही. या दसऱ्याला पूजेआधी प्लग साफ करा, गाडी खरीखुरी आशीर्वाद देईल!

एका वेळी एकच तार काढायची, एकच प्लग काढायचा, साफ करून तो परत बसवायचा आणि मगच दुसरा. चार तारा एकदम काढल्या तर अदलाबदल होते. या इंजिनांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो. एक तार चुकली की इंजिन शिंकत बसतं.

प्लगच्या टोकाचा रंग बघा. भाजलेल्या बेसनाचा खमंग रंग म्हणजे सगळं ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तेलकट काळं म्हणजे तेल वर येतं आहे. पांढरंफटक म्हणजे जादा उष्णता. पितळी तारेच्या ब्रशने साफ करा आणि फट मोजा, साधारण ०.६ मिलीमीटर. पॉइंटची फट त्याहून कमी, ०.४ मिलीमीटरच्या आसपास. त्यासाठी फीलर गेज नावाची पात्यांची जुडी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. प्लग बसवताना आधी हातानेच फिरवा, शेवटीच पाना लावा. वाकडा घुसवला तर हेडचे आटे जातात.

कुठे हात थांबवायचा?

दूध उतू जाणं आपण सांभाळू, पण सिलिंडरचा रेग्युलेटर आपण उघडत नाही. तसंच इथे. ब्रेक, स्टिअरिंग, पेट्रोलची गळती, हेड आणि टाकीचं डागकाम यांना हात लावायचा नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, मिस्त्रीसुद्धा नाही. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो जीव घेतो. तेलाचा तांबडा दिवा चालत्या गाडीत लागला, तर "घर दोन किलोमीटरवरच आहे" असं म्हणायचं नाही. तिथेच इंजिन बंद! त्या दोन किलोमीटरात इंजिन बसू शकतं.

गाडीची वही

दुधाच्या हिशेबाशेजारी आणखी एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, तेल कधी बदललं (वर्षातून एकदा तरी हवंच, गाडी कमी फिरली तरी), पाणी किती घातलं, कोणता भाग नवा टाकला. मिस्त्री आला की वही उघडून बोला. "गाडी गरम होते" असं मोघम सांगितलं, तर दहा भाग बदलले जातात. "गेल्या महिन्यात दर आठवड्याला अर्धा लिटर पाणी कमी झालं, खालच्या नळीची क्लिप ओली आहे" असं सांगितलं, तर नेमकी क्लिप बदलली जाते. बदललेला जुना भाग दाखवायला सांगा. चांगला मिस्त्री याने रागावत नाही, उलट मन लावून काम करतो. ॲम्बॅसिडर नि पद्मिनीचे सुटे भाग आता मुंबई-नागपूरकडे शोधावे लागतात. म्हणून पट्टा, रेडिएटरचं झाकण, नळ्या नि पॉइंट मिळतील तेव्हा एकेक जादा घेऊन ठेवा.

नेहमीचे दोन प्रश्न

"रोज पाच मिनिटं नुसती चालू ठेवली तर पुरे ना?" नाही. तेवढ्याने इंजिन पुरतं तापत नाही, तेलात ओल साठते आणि बॅटरीही भरत नाही. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं फिरवून आणा. पवनारला धाम नदीपर्यंत जाऊन या, गाडीलाही बरं नि तुम्हालाही.

"एवढं करण्यापेक्षा भंगारात काढली तर?" तोही निर्णय योग्य असू शकतो. तळाचा पत्रा कुजला असेल, ब्रेक वारंवार दगा देत असतील, तर सासरेबुवांची आठवण म्हणून त्यात लेकरांना बसवू नका. आठवण फोटोतही राहते. पण इंजिन नुसतं तापतं, धूर काढतं, दुपारी रुसतं, म्हणून एवढी भक्कम गाडी विकू नका. ही दुखणी पाणी, तेल नि पट्ट्याची असतात. आणि निर्णय कुणीही घेवो, गाडीत काय बिघडलं आहे हे घरात एकीला तरी ठाऊक असलं, की कुणी उगाच घाबरवू शकत नाही.

तर येत्या रविवारी चहा झाला की पदर खोचा आणि बॉनेट उघडा. डिकीत पाच लिटरचे दोन कॅन पाणी, एक जाड टॉवेल, दोन सुती फडकी आणि जुना पट्टा एवढं आजच ठेवून द्या.

पुढच्या अंकात कूलरच्या टाकीतला वास नि डास कसे घालवायचे, ते पाहू.